ओळख काढायला लाजू नकोस

ताई,

मी परभणी जिल्ह्यातली. गेल्या वर्षी बीई मेकॅनिकल झाले, ७.८ सीजीपीए आहे. कॉलेजात कॅम्पसला दोनच कंपन्या आल्या, त्याही सॉफ्टवेअरच्या. म्हणून ऑगस्टमध्ये पुण्याला आले. कर्वेनगरला चौघींत एक खोली आहे, कॉट बेसिसवर. भाडं आणि मेस मिळून महिन्याला साडेसात हजार जातात, ते बाबा पाठवतात. बाबा एसटी डेपोत मेकॅनिक आहेत.

सहा महिन्यांत नौकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर १६० ठिकाणी अर्ज केले. तीन फोन आले. दोघांनी 'कळवतो' म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं 'मुलगी आहेस, शॉप फ्लोअरवर जमेल का?' असं विचारून विषय संपवला. एका कन्सल्टन्सीनं सांगितलं, पंधरा हजार भरा, चाकणला नक्की लावून देतो. लिंक्डइनवर रोज दहा-पंधरा एचआरना 'सर, आय ॲम अ फ्रेशर, प्लीज हेल्प मी' असा मेसेज टाकते, कोणी उत्तर देत नाही. सगळे म्हणतात नेटवर्किंग कर. म्हणजे नेमकं काय करू? पुण्यात मी कोणालाच ओळखत नाही.

बाबा म्हणतात, आपल्या गावचे एक साहेब पिंपरीत मोठ्या कंपनीत आहेत, त्यांना भेटायला जाऊ. मला ते नको वाटतं. वर्गातल्या एका मुलाला त्याच्या काकांनी चिकटवलं, त्याला माझ्यापेक्षा कमी मार्क होते. मला ओळख लावून नोकरी नको, स्वतःच्या गुणांवर हवी. पण रोज संध्याकाळी बाबांचा फोन येतो आणि 'काय झालं?' याला माझ्याकडे उत्तर नसतं. रूममेट म्हणते साठ हजारांचा जावाचा कोर्स कर. करू का?

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे

प्रिय मुली,

आधी ते पंधरा हजार. भरू नकोस. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, डिपॉझिट, कोणत्याही नावानं मागितले तरी द्यायचे नाहीत. खरी कन्सल्टन्सी आपली फी कंपनीकडून घेते. मूळ मार्कशीट आणि डिग्रीही कोणाच्या ताब्यात देऊ नकोस. दाखव, झेरॉक्स दे, मूळ कागद परत पिशवीत. तुमच्या खोलीतलं कोणी असे पैसे ऑनलाइन भरून बसलं असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आजच फोन करायला सांग. तिथं जितका लवकर फोन जाईल तितकी ते पैसे पुढं जायच्या आत गोठवले जाण्याची आशा जास्त.

आता तुझं ते वाक्य. 'मला ओळख लावून नोकरी नको.' यामागचा स्वाभिमान मला कळतो, तो सोडू नकोस. पण तू दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेस, आणि ते गाठोडं नको म्हणून हातातली दुसरी गोष्टही टाकून देते आहेस. मी हे ठामपणे सांगते, कारण मला या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात भेटल्या होत्या.

मी अंबाजोगाईची. १९९३ साली मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुण्यात आले. वडिलांच्या एका मित्राचे व्याही इथल्या मोठ्या कारखान्यात अधिकारी होते. वडील रात्रीच्या एसटीनं आले, सोबत अर्धा किलो पेढे. आम्ही त्या साहेबांच्या घरी हॉलमध्ये दोन तास बसून होतो. साहेब आले, वडील उठून उभे राहिले आणि म्हणाले, 'पोरीचं काहीतरी बघा.' साहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी काय शिकले, मला काय येतं, काही नाही. 'बघू' म्हणाले आणि आत गेले. परतीच्या बसमध्ये वडील सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. आयुष्यभर कोणापुढं हात न पसरलेला माणूस माझ्यासाठी कोणाच्या तरी हॉलमध्ये उभा राहिला, याचं मला अजूनही वाईट वाटतं. तुला साहेबांकडे जायला नको वाटतं ना, ते का, हे मला समजावून सांगायची गरज नाही.

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट. मी जेवायला जायचे त्या मेसमध्ये हिशेब लिहायला एक काकू बसायच्या. एकदा पैसे घेता घेता त्यांनी विचारलं, 'तुझं शिक्षण कशाचं गं?' मी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'आमचा धाकटा भाऊ भोसरीला गेजच्या, म्हणजे मापं तपासायच्या साधनांच्या, कारखान्यात आहे. रविवारी येतो जेवायला. बोल त्याच्याशी.' रविवारी तो आला. कोणाला नोकरी द्यायचा अधिकार त्याला नव्हता, तो स्वतः मशीनवर उभा राहणारा. पण अर्धा तास बसून त्यानं मला सांगितलं, तपासणीच्या टेबलावर दिवसभर काय चालतं, पार्ट परत का जातो, आणि त्यांच्याकडचा इन्स्पेक्शनचा माणूस पुढच्या महिन्यात गावी परत चाललाय. 'मालक पेपरात जाहिरात देणार नाहीत, असंच कोणाला तरी विचारतील. तू ये. पण मायक्रोमीटर नीट धरता आला पाहिजे, आणि लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारतात.' मी गेले. मालकांनी हातात एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर दिला, पाच ठिकाणी मोजायला लावलं आणि लीस्ट काउंट विचारला. ०.०१ मिलिमीटर, मी म्हटलं. एका जागी माझं माप चुकलं, ते मीच परत घेऊन दुरुस्त केलं. मला वाटतं त्या दुरुस्तीमुळेच मला घेतलं.

साहेबांना आम्ही तराजू माझ्या बाजूनं झुकवायला सांगत होतो. तो वशिला. काकूंच्या भावानं तराजू कुठं ठेवलाय एवढंच सांगितलं, वजन माझं मलाच घालावं लागलं. याला मी ओळख म्हणते, आणि हे करताना मान खाली घालायचं कारण नाही. तुझ्या वर्गातल्या मुलाच्या काकांनी यातलं नेमकं काय केलं ते तुला माहीत नाही, मलाही नाही. तो हिशेब सोडून दे.

पुण्यात कोणालाच ओळखत नाही, असं तू लिहितेस. जवळचं कोणी नाही हे खरं असेल. पण नोकरीची बातमी बहुतेकदा जवळच्यांकडून येतच नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं यावर १९७३ साली एक निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं, ही नोकरी कशी कळली? निम्म्याहून जास्त लोकांना ती ओळखीच्या माणसाकडून कळली होती. मग त्यानं विचारलं, तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे निघाले सुमारे १७ टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे, २८ टक्के. उरलेले मधले. कारण साधं आहे. तुमच्या खोलीतल्या चौघी एकाच ॲपवरच्या त्याच जाहिराती बघता, तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर तेच फॉरवर्ड फिरतात. जे तुला माहीत तेच त्यांना माहीत. वेगळी बातमी वेगळ्या ठिकाणी वावरणाऱ्या माणसाकडे असते. मेसमधल्या काकूंच्या भावाकडे असते.

आणि मेकॅनिकलच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. तू अर्ज केलेल्या त्या १६० जागांपैकी किती चाकणच्या मोठ्या, गेटवर नाव झळकणाऱ्या कंपन्यांच्या होत्या? मला वाटतं बहुतेक. तिथं फ्रेशर घेतात ते कॅम्पसमधून, अप्रेंटिस म्हणून, किंवा आतल्या माणसानं नाव सुचवल्यावर. पोर्टलवरच्या एका जागेला इतके अर्ज पडतात की तुझा उघडलाही जात नसेल. त्यात तुझा काही दोष नाही. पण या मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे, त्यांनाही पुरवणारे, असे कारखाने भोसरीच्या जे ब्लॉकला, एस ब्लॉकला, टी ब्लॉकला, चिंचवडला, तळवड्याला गल्लीगल्लीत आहेत. कुठं वीस माणसं, कुठं साठ. मालक स्वतः आत बसलेला असतो. तिथं एचआर नावाचं खातंच नसतं. माणूस हवा असला की मालक सुपरवायझरला म्हणतो, 'कोणी बघ रे ओळखीत.' ती जागा तुला कोणत्याही ॲपवर दिसणार नाही.

म्हणून ॲपवरचा वेळ कमी कर. आठवड्याला पाचच अर्ज, पण ती जाहिरात नीट वाचून आणि त्या कामाला लागू होईल असा बायोडेटा बदलून. वरची ती 'हार्डवर्किंग अँड डायनॅमिक' ओळ काढून टाक. त्या जागी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तू काय बनवलंस, कशानं मोजलंस, कोणतं मशीन स्वतः चालवलंस ते लिही. एक पान, पीडीएफ, फाइलला तुझं नाव. बाकीचा वेळ माणसांसाठी.

कोणती माणसं? सुरुवात तुझ्या कॉलेजपासून कर, पण प्लेसमेंट सेलपासून नको. वर्कशॉपमधले इन्स्ट्रक्टर आणि लॅब असिस्टंट यांना फोन कर. कोणता मुलगा कुठं लागला, कोण भोसरीत आहे, कोण रांजणगावला गेला, हे प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं, कारण मुलं सुट्टीला गावी आली की त्यांनाच भेटायला जातात. त्यांच्याकडून तीन ते सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांची नावं घे. वीस वर्षांपूर्वीचा सीनिअर आज मॅनेजर असेल, पण फ्रेशरला काय विचारतात हे तो विसरला आहे. चार वर्षांपूर्वीच्याला ते सगळं आठवतं.

आता त्यांना लिहायचं काय? तुझ्या मेसेजला उत्तर का येत नाही, ते सांगते. 'प्लीज हेल्प मी' वाचून समोरच्याला कळत नाही की नेमकं काय करायचं. नोकरी देणं त्याच्या हातात नसतं, नाही म्हणायला जड जातं, म्हणून तो काहीच लिहीत नाही. पंधरा वर्षं मी क्वालिटीत माणसं घेत होते, मलाही असे निरोप यायचे, आणि कितीतरी मी अनुत्तरित ठेवले. त्याचं मला वाईट वाटतं, पण तसं होतं खरं. उत्तर द्यायला सोपा असा निरोप असला की दिलं जातं. असं काहीतरी लिही:

'नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजची, २०२५ ची मेकॅनिकल. तुम्ही चाकणला क्वालिटीत आहात असं वर्कशॉपच्या सरांकडून कळलं. मला इन्स्पेक्शनमध्ये काम करायची इच्छा आहे, पण तिथं दिवसभर नेमकं काय असतं ते माहीत नाही. तुम्हाला सवड असेल तेव्हा पंधरा मिनिटं फोनवर बोलाल का? माझ्यासाठी शब्द टाका असं म्हणत नाही, काम समजून घ्यायचं आहे.'

हे मराठीतच लिही. आपल्या कॉलेजच्या, आपल्या भागातल्या माणसाला इंग्रजी पाठ केलेली तीन वाक्यं पाठवायची काय गरज? आणि बोलताना 'काय करायलेत', 'येऊ लागले' असं तोंडात आलं तर गिळू नकोस. मी आले तेव्हा माझ्या बोलण्याला इथं हसायचे, म्हणून दोन वर्षं मी जपून जपून बोलले. मग एकदा पीएमटी बसच्या गर्दीत कोणीतरी शेजारच्याला 'कुठं चाललाव?' म्हणाला आणि मी मागं वळून विचारलं, कुठले तुम्ही? आमच्या अंबाजोगाईजवळच्या केजचे निघाले. त्यांच्या बायकोनं पुढं माझी दोन बाळंतपणं सांभाळली. आपली भाषा ऐकून वळून बघणारी माणसं या शहरात खूप आहेत.

फोनवर तीन गोष्टी विचार. तुमचा दिवस कसा जातो? नवीन मुलं आली की त्यांना काय येत नसतं? आणि शेवटी, आणखी कोणाशी बोलू? पहिल्या प्रश्नानं माणूस मोकळा होतो. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे तुझा अभ्यासक्रम. तिसरा विसरलीस तर बाकीचं वाया जाईल, कारण त्यातूनच एकाची दोन माणसं होतात, दोनाची चार. 'माझं नाव सांग' असं त्यानं आपणहून म्हटलं तर सांग, नाही म्हटलं तर त्याला विचारून मगच सांग. नोकरीबद्दल तू काढूच नकोस. जागा असेल तर तोच म्हणेल, 'बायोडेटा पाठवून ठेव.' नसेल तर म्हणणार नाही, आणि दोघांनाही अवघड वाटणार नाही.

मग एक काम, जे जवळजवळ कोणीच करत नाही. त्यानं जे सांगितलं ते कर, आणि दहा-पंधरा दिवसांनी त्याला कळव. 'दादा, तुम्ही जीडी अँड टी वाचायला सांगितलं होतं, पोझिशन टॉलरन्सपर्यंत झालं. तुम्ही नाव दिलेल्या ताईंशीही बोलले.' एवढंच. (जीडी अँड टी म्हणजे पार्टच्या आकारात आणि जागेत किती फरक चालेल ते ड्रॉइंगवर दाखवायची पद्धत.) माझ्याकडे सल्ला मागायला आलेल्या पोरांत असं परत कळवणारी फार थोडी होती, आणि त्यातली प्रत्येक मला आजही नावानिशी आठवते. कुठं जागा निघाली की माझ्या तोंडी तीच नावं यायची. एक वही कर: कोणाशी बोलले, कधी, काय म्हणाले, परत कधी कळवायचं. शाळेची दुरेघी वही चालेल.

मुलगी म्हणून एक सांगते. पहिलं बोलणं फोनवर. भेटायचं ठरलं तर त्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात, दिवसा, आणि कुठं चालले ते खोलीतल्या एकीला सांगून. कोणी संध्याकाळी कॉफीलाच ये म्हणत असेल, किंवा विषय सारखा दुसरीकडे नेत असेल, तर ती ओळख तिथंच संपव. उपकार बुडाले असं वाटून घेऊ नकोस.

आणि 'शॉप फ्लोअरवर जमेल का?' हा प्रश्न तुला पुन्हा विचारला जाईल. चिडायला होईल, साहजिक आहे. उत्तर मात्र कामाच्या भाषेत दे: 'वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलंय, सेफ्टी शूज माझे आहेत, फर्स्ट शिफ्ट सातची असेल तर पावणेसातला गेटवर असेन.' टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी या गाड्यांच्या लाइनवर शेकड्यांनी मुली काम करतात. तेव्हा प्रश्न जमण्याचा उरलेला नाही. तू मात्र उलट विचारायचे ते प्रश्न नक्की विचार: महिलांसाठी वेगळं टॉयलेट आहे का, बस कुठून सुटते, रात्रपाळीला ने-आण आहे का. हे विचारल्यामुळे जी नोकरी जाईल ती गेलेलीच बरी.

सातच्या शिफ्टवरून आठवलं. कर्वेनगरला राहून तू भोसरी-चाकणची नोकरी शोधते आहेस. घरबसल्या पोर्टलवर अर्ज करायला हरकत नाही, पण त्या पट्ट्यातली माणसं तुला कर्वेनगरात भेटायची कशी? तुझी मेस, तुझं किराणा दुकान, तुझी अभ्यासिका, सगळीकडे एमपीएससीची आणि आयटीची मुलं. महिन्याचं भाडं संपलं की चिंचवड, भोसरी किंवा मोशीकडे खोली बघ. तिथल्या मेसमध्ये शेजारच्या ताटावरची मुलगी सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या मशीनवर, काम करणारी असेल, तिच्या पलीकडची एखाद्या टूलरूमच्या स्टोअरमध्ये. माझं सगळं आयुष्य मेसच्या एका टेबलावरून सुरू झालं, म्हणून हे मी नुसतं सोयीचं म्हणून सांगत नाही.

तोवर दोन चकरा अशा मार. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला आणि मोशीच्या प्रदर्शन मैदानावर मशीन टूल्सची, मोजमापाच्या उपकरणांची प्रदर्शनं भरतात. नाव नोंदवलं की बऱ्याच प्रदर्शनांना आत जायला पैसे पडत नाहीत. सकाळच्या गर्दीत जाऊ नकोस. दुपारी तीननंतर स्टॉलवरचे इंजिनिअर नुसते उभे असतात, त्यांना कोणीतरी मशीनबद्दल विचारावं असं मनापासून वाटत असतं. 'हा प्रोब किती मायक्रॉनपर्यंत वाचतो? तुमचं हे मशीन भोसरीत कोणाकडे बसवलंय?' हे उपकरणं विकणारे आणि कॅलिब्रेशन करणारे, म्हणजे उपकरणं बरोबर मोजतात का ते तपासणारे, लोक रोज चार कारखान्यांत जातात. कोणाकडे नवीन लाइन बसते आहे, कोणाचा माणूस सोडून गेला, त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. आणि गुरुवारी एमआयडीसीत जाऊ नकोस, पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना त्या दिवशी सुटी असते. याउलट, कारखान्यात काम करणाऱ्या दादा-ताईंना निवांत फोन करायचा असेल तर गुरुवार सकाळ चांगली.

अप्रेंटिसशिपला कमी लेखू नकोस. पदवीधरांसाठी नॅट्स नावाची केंद्राची योजना आहे, एक वर्षाची, तिच्या पोर्टलवर नाव घाल. राज्याची २०२४ साली सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे, त्यात पदवीधरांना महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलेलं आहे. तिची चालू स्थिती राज्याच्या महास्वयंम पोर्टलवर बघून घे. दोन्हींत पुढं नोकरीची हमी नाही. पण काही महिने आत राहिलीस की पुढची बातमी तुला बाहेरून शोधावी लागत नाही. फक्त सही करताना कागदावर कंपनीचं नाव आहे की कोणा ठेकेदाराचं, ते वाच.

जावाचा कोर्स? तुला कोड लिहायला आवडत असतं तर तू पत्रात तसं म्हटलं असतंस. घाबरून साठ हजार घालू नकोस, ते बाबांचे आहेत. तेवढ्या पैशात चिंचवडला आठ-दहा महिन्यांचं भाडं-मेस निघेल.

शेवटी बाबा. त्यांच्या कामाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस आणि पुढं गेलीस: 'बाबा एसटी डेपोत मेकॅनिक आहेत.' तिथं मी थांबले. तू पुण्यात कोणाला ओळखत नाहीस, पण तुझे बाबा कदाचित ओळखतात, आणि ते साहेब नव्हेत. एसटीच्या राज्यात तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाण्याला, नागपूरजवळ हिंगण्याला, आणि तिसरी पुण्यात दापोडीला. दापोडी भोसरीला अगदी लागून. इतकी वर्षं डेपोत काम केलेल्या मेकॅनिकला तिथलं कोणी ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. कोणी बरोबर ट्रेनिंग केलेलं, कोणी बदली होऊन गेलेलं, कोणी निवृत्त होऊन तिथंच पिंपरी-चिंचवडला घर करून राहिलेलं. एसटीत आयुष्य काढलेल्या त्या माणसांना स्पेअर पार्ट्सच्या दुनियेतले कारखाने आणि गॅरेजवाले नावानिशी माहीत असतात. आणि मेकॅनिकच्या मुलीला पंधरा मिनिटं द्यायला त्यांना पेढे लागणार नाहीत.

उद्या संध्याकाळी बाबांचा फोन येईल. 'काय झालं?' विचारायच्या आत तूच विचार: 'बाबा, दापोडीच्या वर्कशॉपमध्ये तुमच्या ओळखीचं कोण आहे?' त्यांना आठवू दे. ते नावं सांगतील, त्यातला कोण कसा तेही सांगतील, जुने किस्से निघतील. ते ऐक, वहीत लिही. सहा महिने ते तुला फक्त पैसे पाठवू शकत होते, आता त्यांच्या कामाची ओळख तुझ्या कामी येईल. ते म्हणतील, मीच फोन करून सांगतो पोरीला घ्या म्हणून. तेव्हा त्यांना सांग, नोकरीचं काही बोलू नका, फक्त माझी मुलगी येऊन भेटेल, तिला तिकडचं काम समजून घ्यायचंय, एवढंच सांगा. गावच्या त्या साहेबांकडेही जायचं झालंच तर असंच, तू एकटी, दिवसा, ऑफिसात, हेच तीन प्रश्न घेऊन. बाबांना बरोबर नेऊ नकोस.

नळ स्टॉपला मेट्रोत बस, सिव्हिल कोर्टला बदल, दापोडीला उतर. जाऊन आलीस की मला दोन ओळी लिही. कोण भेटलं, काय म्हणालं, आणि आणखी कोणाचं नाव दिलं.

तुझी,
ताई